यादीतल्या माणसांची कुबडी

मित्रांनो, मी एक जुनी कुबडी हाय. बाभळीची. वरची आडवी पट्टी बगलंतल्या घामानं काळीभोर झालीय. स्वभावानं मी जरा खोडकर. भिताडाला टेकवून ठिवलं की नको त्या येळी सटकायची आन् फुकटचा च्या प्यायला आलेल्याच्या आंगठ्यावर पडायची. त्यानं बोंब मारली की माझा मालक पोट धरून हसायचा. तो हसला की मलाबी बरं वाटायचं.

माझा जलम बहात्तरच्या दुष्काळातला. त्या साली पाऊस न्हाय, पेरणी न्हाय. माकणीच्या अलीकडं आमचं गाव. सगळं गाव दुष्काळी कामावर. माझा मालक कोंडीराम तलावाच्या बांधावर दगुड वाहायचा. एक दिस वरनं धोंडा घरंगळला आन् त्याचा डावा पाय चेचला. दवाखान्यात गुडघ्याखाली कापला. तो घरी आल्यावर महारुद्र सुतारानं रिकाम्या पडलेल्या, पेरायच्या तिफणीची दांडी काढली आन् मला घडवलं. म्हनला, "कोंडीराम, हिला यंदा रानात काम न्हाय. तुला तरी चालवू दे."

मग धा वरसं आमी दोघांनी सोसायटीच्या खताच्या गोदामावर राखण केली. पोत्यावर बसून कोंडीराम येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घ्यायचा. तालमीतला आबाराव दिसला की म्हनायचा, "काय पैलवान, दोन पायांनी इतकं हळू? माझा तर एक लाकडी, लावा शर्यत!" माझी तर लई चंगळ. पोळ्याला बैलासंगं मलाबी गेरू लागायचा. पर कापलेल्या जागची जखम कधी नीट भरलीच न्हाय. दर हिवाळ्यात उकलायची. तिचं मातुर त्यानं कुणाला सांगितलं न्हाय. मला ठावं व्हतं, कारण जखम ठणकली की त्याचा सगळा भार माझ्यावर यायचा.

पुढं सरकारचा निराधाराचा पगार निघाला. त्याला डॉक्टरचा शेरा लागायचा, माणूस कायमचा अधू हाय म्हनून. अर्धामुर्धा आजारी गेला की त्याला म्हनायचे, "अजून काम हुतंय की!" कोंडीरामला असंच दोनदा परत लावलं. तिसऱ्या बारीला जखम हाडापतुर गेली, तवा कुठं शेरा मिळाला. गावातली चार नावं पगाराच्या यादीत बसली. चौघांनी आंगठं लावलं. वरीस सरायच्या आत त्यातली दोघं गेली.

गावात कुजबुज सुरू झाली. आबाराव पारावर सांगायला लागला, "आंगठा लावला की यमाला पत्ता लागतोय."

कोंडीराम म्हनला, "मग त्याला यष्टीचा पास काढून द्या. इथवर चालत कुठं येतोय बिचारा!"

सगळे हसले. पर त्या दिवसापासनं कुणी नवा आंगठा लावला न्हाय.

चैतात कचेरीतनं कागुद आला. पगार घेणारा जिता हाय, हे त्यानं सोता येऊन दाखवायचं. हयातीचा दाखला. कचेरी तालुक्याला, तीबी माडीवर. यष्टीची पायरी कोंडीरामच्या मांडीएवढी उंच. कंडक्टरनं बगलंत धरून वर घेतला. मग कचेरीचा जिना. बावीस पायऱ्या. वर कारकुनानं मान खाली ठिवूनच इचारलं, "नाव?"

"कोंडीराम."

"हयात?"

"मेलो असतो तर खालीच थांबलो असतो की, सायेब."

कारकून हसला न्हाय. त्यानं शिक्का हाणला.

उतरताना चवथ्या पायरीवर मी सटकले. मित्रांनो, ती खोडी न्हवती. कोंडीराम नेमका जखमेवर आपटला. आठव्या दिवशी ताप डोस्क्यात गेला. त्याच्या बायकोला, भिमाबाईला, डॉक्टर म्हनला, "वरीसभर आधी आणायचं ना, बाई." वरीसभर आधी तर त्याला धडधाकट म्हनून परत लावलं व्हतं.

नवव्या दिवशी कोंडीराम गेला.

आमच्याकडं मेलेल्याचं हातरुण आन् काठी मसणवाट्यात टाकून येत्यात. भिमाबाईनं हातरुण दिलं, मला दिलं न्हाय. दीर भांडला. "वैनी, ही घरात नका ठिवू. आनखी कुणाला तरी नेईल."

"तिनं न्हाय नेलं," भिमाबाई म्हनली. "आन् यादीनंबी न्हाय."

मला घेऊन ती शेजारच्या कडूबाईकडं गेली. कडूबाई विहिरीवर पडली व्हती, खुबा मोडलेला. त्यात खोकल्यानं छाती पोखरलेली. तिला शेरा मिळूनच वरीस झालं व्हतं, पर म्हातारीनं तो कागुद डब्यात दडवून ठिवलेला.

"भिमे, तुझा नवरा यादीनं खाल्ला. मला कशाला ढकलतीस?"

"आत्या, यादीत घेत्यात कुणाला? जो आधीच खंगलाय त्याला. मग आधी कोण जानार? तो, का तालमीतला आबाराव?"

"मग कोंडीराम कशानं गेला?"

"जखमेनं. आन् त्या जिन्यानं."

कडूबाईनं कागदाचा डबा म्होरं ओढला. मग म्हनली, "पगारात दूध येईल का गं?"

"येईल. औषीदबी येईल."

कडूबाईनं आंगठा लावला.

मग काय, गावाचे डोळे तिच्यावर. ती खोकली की आबाराव दारातनं इचारायचा, "काकू, हायसा का?"

"हाय! तुझ्या तेराव्याचं जेवूनच जाईन."

दूध पिऊन तिच्या गालावर जरा तुकतुकी आली. माझ्या आधारानं ती उंबऱ्यापतुर यायला लागली. आन् पुढल्या चैतात कचेरीचा कागुद आला.

भिमाबाईनं बैलगाडी मागून आणली. गाडीत वाकळ घातली, कडूबाईला निजवली आन् गाडी कचेरीच्या जिन्याखाली उभी केली. मग मला एकटीलाच घेऊन वर गेली आन् कारकुनाच्या टेबलावर आडवी ठिवली.

"हे काय?"

"कडूबाई."

"चेष्टा करता काय, बाई? माणूस समक्ष पायजे."

"माणूस खाली गाडीत हाय. तिचा एक पाय तेवढा वर आणलाय. उरलेली बघायची आसंल तर खाली या."

लायनीतली माणसं खो खो हसली. भिमाबाई हसली न्हाय. म्हनली, "सायेब, गेल्या साली माझा मालक ह्याच जिन्यावर पडला. तुमी हयात लिवल्यावर नवव्या दिवशी तो न्हवता."

हसणं थांबलं. कारकुनानं पहिल्यांदा मान वर केली. मग शिक्का उचलून तो बावीस पायऱ्या उतरला. गाडीत वाकून म्हनला, "आजी, बऱ्या हायसा ना?"

"बरी न्हाय, लेकरा. पर हाय."

त्यानं गाडीच्या फळीवर कागुद ठिवला आन् तिथंच शिक्का मारला.

मित्रांनो, मी खोटं न्हाय सांगायची. कार्तिकात कडूबाईबी गेली. आबाराव परत म्हनला, यादीनं नेली. शेवटच्या दिवसांत तिनं भिमाबाईचा हात धरला व्हता. "भिमे, डागतर म्हनला, औषीद वरीसभर आधी सुरू व्हायला पायजे व्हतं. ते वरीस म्या डब्यात ठिवलं गं." भिमाबाई तोंडात पदर कोंबून रडली. मी खाटंला टेकून उभी व्हते. मला रडता येत न्हाय.

म्हनून तुमास्नी सांगते. घरात कुणाची जखम दर हिवाळ्यात उकलत आसंल तर ती आत्ताच बघा. कुणी यादीला भीत आसंल तर त्याच्याशेजारी बसा, हसू नका. आन् उद्या तुमच्यातलं कुणी टेबलामागं बसलंच, तर अधू माणसाला वर बोलावू नका, आपुन खाली उतरा. उशीर नका करू. मी लाकूड हाय, मी कितीबी थांबीन. माणूस थांबत न्हाय.