डोंगराच्या पोटातला ठिपका

कॅमेऱ्याच्या तोंडाशी जी गोल काच बसवलेली असते ना मित्रांनो, ती मी. मला लेन्स म्हणतात. माझी काच पुढे फुगीर आहे, बेडकाच्या डोळ्यासारखी. त्यामुळे मला एका नजरेत फार रुंद दिसतं. अख्खा डोंगर, त्याच्या दोन्ही बाजूंचं रान आणि वर निम्मं आकाश. आता माझं वय झालं आहे. पण एका रात्रीची गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. नाशिकच्या एका हौशी गृहस्थांनी मला विकत घेतलं, दोन सहलींत वापरलं आणि त्यांची हौस फिटली. मग मी जळगावात भिकनभाऊंच्या दुकानात आले. तिथे जुने कॅमेरे विकायला ठेवलेले असत. मी त्यांच्यात कित्येक महिने नुसती बसून होते.

एके दिवशी भुसावळहून रुखसार आली. ती लग्नांचे फोटो काढायची. सोबत तिचे अब्बा होते, नूर महंमद. स्टेशनजवळच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करता करता त्यांचे केस पांढरे झाले होते.

"भिकनभाऊ, मला डोंगर आणि रात्रीचं आकाश टिपायचंय," रुखसार म्हणाली. "रुंद लेन्स दाखवा. पण परवडेल अशी."

भिकनभाऊंनी आम्हा तीन लेन्सना पुढे मांडलं. पहिली फार नावाजलेली होती. तिची किंमत ऐकून रुखसारने तिला अलगद बाजूला सरकवलं. दुसरी हलकी, नवी कोरी, आपोआप फोकस करणारी होती. पण ती उजेड कमी घ्यायची आणि अंधारात तिचं काही चालत नसे. तिसरी मी.

"ही उजेड भरपूर घेते, ताई," भिकनभाऊ म्हणाले. "पण फोकस हातानं फिरवून करावा लागतो. लग्नात नेऊ नका. हिचा फोकस जमेपर्यंत नवरा-नवरी हार घालून जेवायला बसतील!"

रुखसार हसली, पण तिने घाई केली नाही. रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत ती दुकानातच थांबली. मग मला कॅमेऱ्यावर चढवून तिने दिव्यांचा फोटो काढला आणि तो मोठा करून पाहिला. मधले दिवे टाचणीच्या टोकासारखे नीट आले होते. कोपऱ्यातले दिवे मात्र फाटले होते. एकेका दिव्याला पाखरासारखे पंख फुटले होते. हा माझा जन्माचा दोष, मित्रांनो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नूर महंमदांनी घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून मला आतून-बाहेरून तपासलं.

"काच साफ आहे, बेटा. कोपऱ्यात गडबड आहे, ती राहणारच. पण ती आजच कळली ना? कळलेला दोष सांभाळून घेता येतो."

असं मला घर मिळालं.

भुसावळच्या आकाशात मात्र माझं पोट भरेना. रेल्वे यार्डाचे दिवे, वीज केंद्राचा उजेड, त्यात तारे दिसणार कुठून? म्हणून एप्रिलमधल्या अमावस्येला रुखसार मोनालीच्या गावी निघाली. मोनाली तिची जळगावच्या कॉलेजातली मैत्रीण. तिचा पाडा चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तिथे ती, तिचा मोठा भाऊ जामसिंग आणि आई रुख्माबाई राहतात.

आम्ही पोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता. अंगणात चूल पेटलेली नव्हती. मोनाली धावतच आली.

"आई दुपारी चारोळ्या वेचायला गेली गं. अजून आली नाही."

जामसिंग आणि पाड्यातली माणसं बॅटऱ्या घेऊन आधीच गेली होती. डावीकडच्या उतारावर चारोळीची झाडं आहेत, तिकडेच ती शोधत होती. दिवसभर आग ओकणारं ऊन पडलं होतं. रुख्माबाईंजवळ पाण्याची एकच बाटली होती. त्यात त्या डोंगरात अस्वलाचा वावर. फोनला तर पाड्याबाहेर पडलं की रेंजच नसते.

रुखसारने कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं उभं केलं, पण ते आकाशासाठी नव्हे. नुसतं बसवेना म्हणून तिने डोंगराकडे तोंड करून पंचवीस सेकंदांचा एक फोटो काढला. माणसाच्या डोळ्याला अंधारात काही दिसत नाही, तेव्हा मी थेंब थेंब उजेड गोळा करत राहते.

पडद्यावर चित्र उमटलं. डोंगर काळा, वर ताऱ्यांचा सडा. आणि उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, एक नारिंगी डाग. त्याला पंख फुटले होते.

"हा तारा असेल?" मोनालीने विचारलं.

"कोपऱ्यात ही लेन्स सगळ्यालाच पंख लावते," रुखसार म्हणाली. "तारा असेल, नाहीतर दुसरं काही. मला सांगता येत नाही."

तेवढ्यात जामसिंग आणि शेजारचा अभिमन खाली आले. दोघांचे कपडे काट्यांनी फाटले होते.

"माय सापडनी नई," जामसिंग म्हणाला. "बठ्ठा उतार दखी टाका. आते वर जातस." डावा उतार सगळा धुंडाळून झाला होता, आता ते आणखी वर निघाले होते.

"भाऊ, थांबा," रुखसार म्हणाली. "फोटोत उजवीकडे एक नारिंगी डाग आलाय. मला अजून एक फोटो काढू द्या. पण अंगणातले सगळे दिवे बंद करावे लागतील."

अभिमन भडकला. "आमनी माय जंगलमा शे, आनि तुम्ही दिवा बंद कराले सांगतस? फोटो काढाना टाइम शे का हाऊ?"

रुखसारने माझ्या कड्यावरची बोटं काढली नाहीत. त्या डागाबद्दल तिचा अंदाज चुकला असता तर माणसं उलट्या दिशेला गेली असती. जामसिंगने तिच्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. आणि हातातली बॅटरी विझवली.

"बंद करा रे बठ्ठा."

काळोख झाला. रुखसारने कॅमेरा वळवला आणि तो कोपरा माझ्या बरोबर मधोमध आणला. मग पंचवीस सेकंदांचा फोटो सुरू झाला. मी आयुष्यात इतकं जीव तोडून कधी पाहिलं नव्हतं.

फोटो आला. तारे टाचणीच्या टोकासारखे. डोंगराची कड स्वच्छ. आणि नारिंगी ठिपका त्या कडेच्या खाली होता. पंख नव्हते.

जामसिंग पडद्यावर वाकला. "डोंगरना पोटमा तारा कसा ऱ्हाई? ती आग शे! तठे नाला शे, खोल!"

खुणा ठरल्या. माणसं फार खाली उतरली तर रुखसारने बॅटरी एकदा लावायची, फार वर चढली तर दोनदा. माणसं पळतच निघाली. इकडे रुखसार फोटोमागून फोटो काढत राहिली. शोधणाऱ्यांच्या बॅटऱ्या माझ्यात पिवळ्या रेघांसारख्या उमटत. एकदा रेघा ठिपक्याच्या बऱ्याच खालून जाऊ लागल्या. रुखसारने बॅटरी एकदा लावली. रेघा वर वळल्या.

मग एका फोटोत ठिपकाच नव्हता.

रुखसारने पुन्हा काढला. नव्हता. मोनाली तिचा दंड घट्ट धरून उभी होती.

"विझली का गं?"

रुखसारने कॅमेरा हलवला नाही, कुणाला हातही लावू दिला नाही. ठिपका पडद्यावर जिथे होता, तिथे तिने नखाने खूण केली होती. रेघा त्या खुणेपेक्षा वर सरकल्या, तेव्हा तिने बॅटरी दोनदा लावली. रेघा थोड्या खाली आल्या, खुणेपाशी गोळा झाल्या आणि हलेनाशा झाल्या.

कितीतरी वेळाने डोंगरातून लांबवर हाकारा आला. मोनाली रडायला लागली.

पहाटे माणसांनी रुख्माबाईंना घोंगडीच्या झोळीतून आणलं. त्या नाल्यात घसरल्या होत्या आणि पाय मोडला होता. ओठ फुटले होते. मोनालीने चमच्याने पाणी पाजल्यावर त्या बोलल्या.

"आरोळ्या मारी मारी घसा बसना मना. मंग पाला पेटाडा. पाला बी सरना." पाला संपला, म्हणून तो ठिपका विझला होता.

रुखसारने त्यांचे हात चेपले. अभिमन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला पुसायला त्याने शर्टाची बाही पुढे केली, पण हात न लावता तो मागे सरला. मला तेवढं कौतुक पुरलं.

पण मित्रांनो, कौतुक फार दिवस टिकत नाही. लग्नसराई आली, मग पाऊस आला. रुखसारला कामातून उसंत मिळेना. मी ओलसर पिशवीत कपाटावर सहा महिने पडून राहिले. दिवाळीच्या सुमारास अब्बांनी मला उजेडात धरलं आणि त्यांचा चेहरा उतरला. माझ्या आत बुरशीचं पांढरं जाळं पसरलं होतं.

"रुखसार, हे जाळं त्या रात्री असतं तर?"

अब्बांनी तीन दिवस खपून मला उघडलं, पुसलं, पुन्हा जोडलं. बरंचसं जाळं गेलं, थोडं कायमचं राहिलं. आता रुखसार मला कोरड्या डब्यात ठेवते आणि दर आठवड्याला हवा दाखवते.

मित्रांनो, तुमच्याही घरी कपाटावर एखादी बॅटरी असेल, कोपऱ्यात दोर किंवा शिडी असेल. स्वस्तातली म्हणून, जुनी म्हणून तिला विसरू नका. आजच खाली काढा, पुसा, एकदा चालवून पाहा. ज्या रात्री तिची गरज पडेल, त्या रात्री धूळ झटकायला कुणालाच सवड नसेल.