म्हस आजारी न्हवती

मी नणंद हाय. भावजयीचं कौतुक करायची मला सवय न्हाय, आमच्या घराण्यातच न्हाय ती. पण तानाबाईचं केलं न्हाय तर माझी जीभ झडंल, म्हणून सांगते.

माझा धाकटा भाऊ जोतीराम गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर म्हस घिऊन बसायचा. कोल्हापूरच्या माणसाला दूध कसं लागतंय? डोळ्यांदेखत पिळलेलं, गलासात फेस आलेलं, हुब्या हुब्या प्यायचं. जोतीरामाची चंद्री म्हंजे कट्ट्याची राणी. त्याचा हात लागला की पान्हा सोडायची. आन शहात्तर सालच्या दिवाळीनंतर त्या बयेनं काय मनावर घेतलं कुणास ठावं! जोतीराम धारंला बसला की लाथ झाडायची, दूध चोरून धरायची. गिऱ्हाईक रिकामा गलास घिऊन ताटकळत हुबं.

सगळी गल्ली म्हणली, नजर लागली. मग काय इचारता! गळ्यात काळा दोरा, शिंगाला बिब्बा, मिरच्या ओवाळून चुलीत, वर देवऋष्याचा अंगारा. अंगारा मीच आणला, खोटं कशाला बोलू? म्हस बिचारी सगळं सोसत हुती, नुसतं दूध तेवढं देत न्हवती.

शेवटी एका सकाळी तानाबाईनं नवऱ्याला बाजूला सारलं आन सवता बसली. चंद्रीनं चरवी भरून दिली.

"वन्सं, म्हस आजारी न्हाय," तानाबाई मला म्हणली. "आजारी हे हायत."

"त्याला काय धाड भरलीय?" माझं टाळकंच फिरलं. "ढोसतोय मुडदा! चार दणकं घाला पाठीत, आपसूक उतरंल."

"न्हाय उतरायची. मी ध्यान ठिवून बघितलंय. पहाटं उठल्या उठल्या ह्यांचा हात थरथरतोय. तसला हात सडाला लागला की चंद्री बुजतीया. मग हात थांबावा म्हणून हे दोन घोट घेत्यात, तर ती वासानं बुजतीया. पिलं तरी दूध न्हाय, न पिलं तरी न्हाय. ह्यातनं मानूस एकटा भाईर कसा येणार, सांगा की."

घरात हातभट्टीचा वास सुटलेला असताना कुणाला हात बघायचं सुचतंय? आमी सगळी शिव्या घालत हुतो आन ही त्याचा हात बघत हुती.

पण आमचं चुलतं गणपतराव गप बसणारं न्हवं. त्यांनी जोतीरामाला वाडीच्या डोंगरावर नेलं आन जोतिबाम्होरं दारू सोडायचा बेलभंडार उचलायला लावला. आन खरं सांगते, पोरानं सोडली. एका झटक्यात! आमी पेढं वाटलं. पेढ्याचा डबा सरायच्या आत जोतीराम गोठ्यात किंचाळाय लागला. "साप! भिंतीवर साप! अक्का, काढ गं!" अंग घामानं चिंब, डोळं पांढरं, आन मग दातखीळच बसली.

"शपथ मोडली असणार," गणपतराव म्हणलं. "देवाचा कोप हाय ह्यो."

"कोप असंल तर देवाकडं मागनं जाऊ," तानाबाई म्हणली, आन दारात टांगा आणून हुबा केला. त्याला घिऊन थेट थोरल्या दवाखान्यात.

तिथल्या डॉक्टरनं त्याला इंजेक्शन दिलं, निजवलं, आन मग आमाला भाईर बोलावलं. "शपथ मोडली म्हणून नव्हे, पाळली म्हणून हे झालं," ते म्हणलं. "इतक्या वर्षांची सवय मेंदूला लागलेली. एकदम बंद केली की तो बिथरतो. जीवसुद्धा जातो. हा आजार आहे बाई, औषध देऊन, आमच्या देखरेखीखाली सोडवावा लागतो."

गणपतरावांनी पटका काढून हातात घेतला आन बाकावर बसून ऱ्हायलं.

"बरं हुतील न्हवं?" तानाबाईनं इचारलं.

"होतील. पण एकदा बरे झाले म्हणजे संपलं, असं नाही. रोज सांभाळावं लागेल."

"म्हंजे म्हशीच्या धारंगत," ती म्हणली. "रोजच्या रोज. एक येळ चुकली की म्हस बिघडती."

जोतीराम दवाखान्यात हुता तवर कट्टा तिनंच चालवला. तो परत आला त्या दिवशी मीबी गेलते संगं. तर हा कट्ट्यापाशी येऊन थबकला. "तानी, मी न्हाय बसत," हळूच म्हणला. "आज हिनं लाथ मारली तर मी सरळ गुत्त्यात जाईन. मला माझा भरवसा न्हाय."

तेवढ्यात गुंडू वरडला. गुंडू म्हंजे कट्ट्याला वैरण घालणारा, जोतीरामाचा पिण्यातला जोडीदार. "आलास व्हय रं जोत्या? येड्यांच्या दवाखान्यातनं सोडला का पळालास?"

लोक फिदीफिदी हसली. मी पायताण काढलं. तानाबाईनं माझा हात धरला आन सगळ्या कट्ट्याला ऐकू जाईल असं बोलली. "आजारी हुतं. दवाखान्यात ठिवलंतं. गोळ्या चालू हायत. आनि कुणाला काय इचारायचंय?"

गुंडू वैरणीचा भारा सोडाय लागला.

जोतीराम बसला. हाताला थोडा कंप अजून हुता. चंद्रीनं अंग चोरलं, शेपटी आपटली. मागनं कुणीतरी म्हणलं, "तानाबाई, तुमीच पिळा की. उशीर हुतोय."

"उशीर हुतोय त्यांनी फुडच्या म्हशीकडं जावा, पावणं. आज धार हेच काढणार."

जोतीरामानं चंद्रीच्या पोटाला डोस्कं टेकलं आन कायबाय बोलत ऱ्हायला. लई येळ गेला. गिऱ्हाईकंबी हालली न्हाईत. आन मग चरवीत आवाज आला. आगं माझ्या आई! तिथं भर गंगावेशीत मी पदर तोंडाला लावून रडले.

पहिला गलास भरला तो जोतीरामानं गुंडूच्या म्होरं धरला. गुंडूनं घेतला, पण त्याला तो धरवंना. अर्धं दूध त्याच्याच सदऱ्यावर सांडलं. मला हसू आलं. तानाबाई हसली न्हाय. ती त्याच्या हाताकडं बघत हुती.

"भावजी," ती बारीक आवाजात म्हणली, "मंगळवारी आमी दवाखान्यात जाणार हाय. येता का?"

गुंडूनं गलास ठिवला आन तोंड फिरवून चालाय लागला. मी म्हटलं, गेलं बेनं.

मंगळवारी आमी निघालो तर गुंडू कोपऱ्यावर हुबा. धुतलेला सदरा, केसांना तेल.

"वैनी," खाली बघत म्हणला, "डॉक्टरला काय सांगायचं? मला न्हाय जमणार."

"काय सांगू नका," तानाबाई म्हणली. "नुसता हात फुडं करा."