तिळाखालची रेघ

दर शनिवारी मंदार डॉक्टर व्हरांड्यात खुर्ची टाकून आम्हा पेशंटांना विचारायचे, "काही अडचण? मोकळेपणानं सांगा." आणि आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो, "काही नाही सायेब, सगळं बेस हाय." मग चहा यायचा. डॉक्टर उठून गेले की बाकावर जो तो कुरकुरायला लागायचा. मला या तोंडपुजेपणाचा भारी संताप यायचा. पण दोष एकट्या आमचा नव्हता. त्या वर्षांत कापूस बुडाला, तशी आमच्या जिल्ह्यात विचारणाऱ्यांची झुंबड उडाली होती. गाड्या भरभरून साहेब यायचे, विचारायचे, लिहून न्यायचे. पुढे काही व्हायचं नाही. लोकही मग उत्तरं देऊन देऊन शहाणे झाले होते.

मी शीला, केळापूरची. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं आणि यवतमाळच्या या दवाखान्यात किरणांचा शेक घ्यायला मी रोज एसटीनं यायची. शेक नेमक्या जागी लागावा म्हणून अंगावर जांभळ्या शाईच्या रेघा काढत आणि त्या पाहून मशीन लावत. रेघ पुसली की मापं नव्यानं, नंबर सगळ्यांत शेवटी, आणि मशीन चालवणाऱ्या मिताली मॅडमची बोलणी वेगळी. "एवढंही सांभाळता येत नाही का?" एप्रिलातलं यवतमाळ! घामानं माणूस विरघळतो, तिथं रेघेची काय कथा.

त्या शनिवारी कपडे बदलायच्या खोलीत रुखमाबाईनं पदर बाजूला केला आणि मी पाहतच राहिले. ढाणकीची ही म्हातारी इथं लेकाकडे राहून शेक घेत होती आणि रोज माझ्याच शेजारी बसायची. तिची रेघ काळीभोर, बोटभर जाड झालेली. काल तिळाच्या वर होती, ती आज तिळाच्या खाली!

"मावशी, हे कोणं काढलं?"

"माह्या लेकानं, विक्कीनं. जिनिंगमधे गाठींवर नंबर टाकतेत ना, थे शाई. घामानं काय, राकेलनंबी जात नाही." सांगताना बाई खुशीत होती.

"पण जागा चुकली ना! शेक भलतीकडंच लागन. मॅडमले सांगा."

तिचा चेहरा उतरला. "नको वं माय. मागं पुसली तं मॅडम म्हने, पुन्हा पुसली तं नावच कापतो. नाव कापलं तं मी मेली. तुले माही शपथ हाय."

शपथ घालून ती मोकळी झाली. रोग एकीकडे, शेक दुसरीकडे, आणि मी गप्प बसायचं? चहानंतर लगेच तिचाच नंबर होता.

व्हरांड्यात डॉक्टरांनी विचारलं. "सगळं बेस हाय," सूर लागला. मी ताडकन उभी राहिले.

"काहीच बेस नाही, सायेब! रेघ पुसली का मॅडम रागावते, नंबर जाते, मले शेवटची गाडी सापडत नाही. म्हणून लोक घरूनच रेघा काढून येतेत. कोण, थे मी सांगत नाही. पण कोणालेबी मशीनखाली घ्यायच्या आधी रेघा तपासा."

मिताली मॅडम पांढरीफटक पडली. "घरी? कोणी काढल्या?"

शपथ मोडावी की काय, असं मनात येतंय तोच शेजारून हिरव्या गोंदणाचा एक हात वर गेला.

"मी," रुखमाबाई म्हणाली. "आता कापा नाव कापायचं तं."

मागून गुलाबसिंग काकांनी हात वर केला. "मीबी. पेनानं." मग बड्या ऑफिसरची बायको, रजनीताई, मान खाली घालून म्हणाली, "मी... भुवयांच्या पेन्सिलीनं." सगळा व्हरांडा हसला आणि हसता हसता आणखी हात वर झाले.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. मशीन थांबवून त्यांनी एकेकाची मापं पुन्हा घेतली. बाकीच्यांचा फरक थोडका निघाला, सुधारण्याजोगा. रुखमाबाईची रेघ सगळ्यांत जास्त सरकली होती, पण ती अजून मशीनखाली गेली नव्हती. मितालीनं तिचा हात धरला. "मावशी, इथं कोणाचं नाव कापत नाहीत. मी तसं बोलायला नको होतं."

"मग आता काय करायचं, तुम्हीच सांगा," डॉक्टर म्हणाले.

रुखमाबाईनं हात पुढे केला. "हे गोंदण पोर होती तवाचं. आजलोक पुसलं नाही. असाच ठिपका द्या ना."

"देतात तसे ठिपके, मावशी. पण आम्हाला वाटलं, तुम्ही बायका नाही म्हणाल."

"इचारलं कवा?"

डॉक्टरांनी तिथंच एकेकाला विचारलं. पुढच्या आठवड्यात आम्हाला तिळाएवढे ठिपके मिळाले. काही कारणानं पुन्हा मापं घ्यावी लागली, तरी नंबर जाणं बंद झालं. रुखमाबाईचा शेक नेमक्या जागी लागून पुरा झाला.

शेवटच्या दिवशी मिताली म्हणाली, "मावशी, आता तपासणीलाच या."

"मी तं शनिवारी येतो ना!"

आणि खरंच आली, ढाणकीहून पहिल्या गाडीनं. डॉक्टर खुर्चीत टेकतात न टेकतात तोच तिनं हात वर केला. मला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले.

"काहीच बेस नाही, सायेब," ती म्हणाली. "आयका."