एकाच बरणीत

आमच्या दवाखान्यातल्या बायका मला करवत म्हणतात. तोंडावर नाही, बाकावर बसून, पदराआड. मी दार उघडलं की एकीचं कोपर दुसरीला लागतं आणि सगळ्या गप्प होतात. मला त्याचं काही वाटत नाही. गरोदर बाईशी गोड बोलणारे घरी पुष्कळ असतात. "पाय सगळ्यांचेच सुजतात, काही होत नाही," हे गोड बोलणंच पुढे अंगाशी येतं. रक्तदाब मोजायचा, लघवी तपासायची आणि खोटं बोलायचं नाही, एवढं माझं काम.

त्या वर्षी आमच्याकडे एका गोळीचा अभ्यास चालू होता. काही बायकांचा रक्तदाब पोटुशी असताना एकदम चढतो, तोंड-हात सुजतात, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, आणि वेळेत आवरलं नाही तर झटके येतात. तो चढूच नये म्हणून ही गोळी. ती खरंच लागू पडते का हे कळायचं तर निम्म्या बायकांना औषधाची गोळी द्यायची आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण नुसत्या पिठाची. कुणाला कुठली हे संगणक ठरवणार. बायकांना ठाऊक नाही, मला नाही, डॉक्टरबाईंनाही नाही.

सही घ्यायच्या आधी हे समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं. "तुमच्या बाटलीत काय आहे ते मला माहीत नाही," मी प्रत्येकीला बजावायची. "विचारू नका, गळ घालू नका. मलाही माहीत नाही." गळ घालायच्याच. मग पुन्हा तेच बजावायचं. पुढे पुढे बायका माझी नक्कल करायला लागल्या.

त्या दोघी जावा एकदमच आल्या. दोघींचे दिवसही जवळजवळ बरोबरचे. थोरलीचं आधीचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, याच रक्तदाबानं. ती खाली बघून मोजकं बोलायची. धाकटीची पहिलीच खेप, पण तिच्या आईला हाच त्रास झालेला, आणि तिचा स्वतःचा रक्तदाब आली तेव्हाच काठावर होता. तोंड मात्र अखंड चालू.

"सिस्टर, बाहेर तुम्हाला काय म्हणतात माहितेय का?" पट्टा दंडाला बांधत असताना तिनं विचारलं.

"माहितेय. हलू नका."

"मग मी तोंडावरच म्हटलं तर चालेल ना? करवतबाई?"

"अगं ए!" थोरलीनं तिला चिमटा काढला. मला हसू आलं आणि आकडा चुकला. पुन्हा मोजावा लागला.

बाटल्या हातात दिल्या तेव्हा धाकटी म्हणाली, "आता समजा, हिला खरी आणि मला पिठाची निघाली, तर आमच्या घरात भांडणच लागायचं हो."

"खुशाल भांडा. पण गोळी जिची तिनंच घ्यायची."

थोरली दोन्ही बाटल्या एकमेकींशेजारी धरून बघत होती. एका घरातल्या दोघींना अभ्यासात घ्यायचं नाही, असा नियम तेव्हा नव्हता. आता आहे.

दर तपासणीला दोघी बरोबर यायच्या, उरलेल्या गोळ्या परत आणायच्या, आणि हिशेब चोख असायचा. बाकीच्या बायका बाटली हरवत, विसरत, नाही तर नवऱ्याच्या डोकेदुखीवर देऊन मोकळ्या होत. मी त्यांना या दोघींचं उदाहरण द्यायची. "जरा शिका त्या जावांकडून," असं म्हणायची.

आठव्या महिन्यात धाकटी एकटीच आली. चेहरा सुजून गोल झालेला, डोकं धरलेलं. "करवतबाई, आज काही बोलू नका हं," म्हणाली. रक्तदाब बघून मी पळत डॉक्टरबाईंना आणलं. पलंगावर घेईपर्यंत तिला पहिला झटका आला. बाळ पोट चिरून काढलं. मुलगी, मुठीएवढी, पण रडली. धाकटी शुद्धीवर आलीच नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुसऱ्या दिवशी गेली.

थोरली तेव्हा वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून उभी होती, दिवस भरत आलेलं पोट दोन्ही हातांनी धरून. मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"सिस्टर, आम्ही गोळ्या एकत्र केल्या होत्या."

"म्हणजे?"

"पहिल्याच दिवशी. दोन्ही बाटल्या एका बरणीत ओतल्या आणि हलवल्या. रोज त्यातून ती एक घ्यायची, मी एक घ्यायचे. इथे यायच्या दिवशी उरलेल्या पुन्हा बाटल्यांत मोजून भरून आणायचो. म्हटलं, एकीला खरी आणि एकीला पिठाची असली तर निम्मं निम्मं तरी दोघींना मिळेल. एकीचं बाळ राहील आणि एकीचं जाईल, असं नको. माझीच कल्पना, सिस्टर. ती नको म्हणत होती. म्हणाली, करवतबाई ओरडेल."

मी ओरडले नाही. काय ओरडणार? कागदावर ही गोष्ट नियमभंग म्हणून गेली. मी ती तशीच लिहिली आणि लिहिताना मला आमच्या सगळ्या कारभाराची शिसारी आली. दोन बायकांनी एकमेकींसाठी याहून चांगलं काय करायला हवं होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

महिना उलटायच्या आत थोरली बाळंत झाली. मुलगी, चांगली गुटगुटीत. रक्तदाब पहिल्यापासून शेवटपर्यंत ठीक. घरी सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला असेल. तिला मात्र तिथेच पुरावा मिळाला.

"मी तरले ना?" टाके दाखवायला आली तेव्हा ती म्हणाली. "म्हणजे बरणीत औषध होतं. खरी बाटली तिचीच होती. माझी पिठाची. तिच्या वाटणीचं निम्मं मी खाल्लं."

"असं काही ठरत नसतं. औषध न घेता तरणाऱ्या बायकाही पुष्कळ असतात."

"मग बाटलीत काय होतं ते सांगा."

"मला माहीत नाही," मी म्हणाले, आणि ते खरं होतं.

दोन्ही पोरी तिच्याच पदराखाली वाढत होत्या. लहानगीला, म्हणजे धाकटीच्या मुलीला, ती आधी घ्यायची. ती पोटभर पिऊन आपणहून सोडीपर्यंत स्वतःची पोर शेजारी आकांत करायची. मग जे उरेल ते तिचं. वरच्या दुधाचा डबा लिहून दिला, तर तोही आधी लहानगीलाच. काट्यावर ते दर खेपेला दिसत होतं. मुठीएवढी जन्मलेली भरत चालली, आणि गुटगुटीत जन्मलेलीचे हात काटक्यांसारखे झाले. मी तिला झापलं, समजावलं, डॉक्टरबाईंपुढे उभं केलं. ती मान डोलवायची. घरी सासू सांगून थकली, नवरा रडला, दीर म्हणाला, वहिनी, तुमचा काही दोष नाही. सगळे तिच्याशी चांगलेच वागत होते, आणि पोर वाळत चालली होती.

अभ्यास संपला आणि संगणकानं आपलं पोट उघडलं. गोळी लागू पडत होती. सगळ्यांना नाही, पण पुष्कळ जणींना. डॉक्टरबाई हसत होत्या. मी आधी त्या दोघींचे नंबर शोधले. धाकटीची बाटली पिठाची. थोरलीचीही पिठाचीच.

बरणीत औषध कधी नव्हतंच. त्या दोघी रोज निम्मं निम्मं पीठ वाटून घेत होत्या. वाईट वाटलं, चीड आली, आणि लाज वाटते सांगायला, पण हायसंही वाटलं. आता हिला सांगता येईल. ही मला शिव्या घालेल, घालू दे. पण पोरीला पाजील.

ती आली त्या दिवशी मी दार लावून घेतलं आणि तिच्या समोर स्टूल ओढून बसले. लहानगी तिच्या अंगावर पीत होती. तिची स्वतःची तपासणीच्या पलंगावर पडून मूठ चोखत होती. रडायचंही तिनं आताशा कमी केलं होतं.

"ऐका. निकाल लागला. तुमच्या दोघींच्याही बाटल्या पिठाच्या होत्या. दोन्ही. तुम्ही तिचं काही खाल्लं नाही. खाण्यासारखं त्यात काही नव्हतंच."

तिनं लहानगीवरचा पदर सारखा केला.

"तुम्हीच सांगितलं होतंत ना, तुम्हाला माहीत नसतं म्हणून?"

"तेव्हा नव्हतं. आता उघडलंय. हा बघा कागद, डॉक्टरबाईंची सही आहे."

"कागद काय, हवा तसा निघतो." तिच्या आवाजात राग नव्हता. "इतक्या जणींनी गळ घातली, कुणाला म्हणून सांगितलं नाहीत. आणि मला दार लावून सांगताय."

"कारण आता सगळ्यांनाच सांगायचंय! बाहेरच्या बायकांना विचारा!" माझा आवाज चढला. बाहेरचा बाक चिडीचूप झाला असणार. "शिव्या द्या मला. आमच्याकडे औषध होतं आणि तुम्हाला दोघींना पीठ दिलं. आमच्यावर चिडा, माझ्या थोबाडीत मारा. पण तुमची पोर मरतेय हो! तिला आधी घ्या. आज एकदा तिला आधी घ्या."

ती ऐकून घेत होती. माझं बोलून संपल्यावर तिनं हात पुढे केला आणि माझ्या मनगटावर ठेवला, रडणाऱ्या माणसाला थोपटावं तसा.

"बाहेर उगाच तुम्हाला नावं ठेवतात," ती म्हणाली. "तुम्ही फार चांगल्या आहात, सिस्टर. माझ्यासाठी खोटंसुद्धा बोललात."

लहानगीनं तोंड सोडलं. थोरलीनं तिचे ओठ पुसले, तिला खांद्यावर घेऊन ढेकर काढला, आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा तिलाच लावलं.

मी उठून पलंगावरच्या पोरीला उचललं. वजन असं हाताला लागलंच नाही. तिनं मान वळवली, माझ्या ॲप्रनवर तोंड फिरवलं, आणि बटण सापडताच ते चोखायला लागली.