खाणीमागचं मला दिसलं नाही

मित्रांनो, डोंगरातल्या एका लहानशा गावात, कड्याच्या टोकाला दगडी चौथऱ्यावर बसवलेली जुनी दुर्बीण म्हणजे मी. माझी पितळी नळी आता काळवंडली आहे. मान वळवताना कुरकुरते. पण नजर अजून शाबूत आहे.

माझा जन्म चष्मेवाल्या आजोबांच्या दुकानात झाला. काचा त्यांनी स्वतः घासल्या. पहिल्यांदा त्यांनी माझ्यातून पाहिलं, तर समोरचा डोंगर उलटा! शेंडा खाली, पायथा वर. ते पोट धरून हसले.

"पोरी, तू तर डोंगरालाच शीर्षासन करायला लावलंस!"

मग आणखी एक काच बसवून डोंगर सरळ करायला त्यांना तीन आठवडे लागले. गावाला मला देताना त्यांनी एकच अट घातली, "ज्याला बघायचं त्याला बघू द्या. कुलूप लावू नका."

मला फक्त लांबचं दिसतं. माझ्यापाशी उभं असलेलं माणूस मला धूसर पट्ट्यासारखं दिसतं, पण त्याचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं. त्यामुळे लांबचं पाहायचं आणि जवळचं ऐकायचं, असं माझं आयुष्य गेलं. मला सगळ्याचं फार कुतूहल. समोरच्या उतारावरची ती मेंढी कळप सोडून एकटीच का चरते? सरकारी दवाखान्याच्या छपरावर एकच बूट कुणाचा? माझी मान वळवणं मात्र माझ्या हाती नव्हतं. लोक वळवतील तिकडे मी बघायचे.

सुरुवातीला ते शिखरं बघत, ढग बघत, दरीत उतरणारी घार बघत. मग शिखरांचा कंटाळा आला. शिखरं रोज तीच. माणसं मात्र रोज काहीतरी नवीन करतात. हळूहळू माझी मान खाली वळू लागली.

चौथऱ्याला लागूनच शिंपीकाकांचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता. बाहीचं माप कधी चुकायचं नाही. पण दोन शिवणांच्या मध्ये माझ्यापाशी येऊन एक डोळा लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

एका संध्याकाळी ते बघता बघता एकदम ताठ झाले.

"अहो, या इकडे! शाळेच्या हेडबाई आणि तो मेकॅनिक. खाणीकडे चाललेत. दोघंच!"

खरंच होतं ते. गावाबाहेर दगडाची जुनी, बंद खाण होती. तिच्या तोंडाशी एक भलामोठा खडक उभा होता. बाई आणि मेकॅनिक त्या खडकामागे गेले. तासाभराने बाहेर आले. बाईंच्या केसांत धूळ होती, कोपर खरचटलेलं होतं आणि त्या हसत होत्या. शाळेत कधी कुणी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. बाई चोपन्न वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या. मेकॅनिकची बायको जाऊन सहा वर्षं झालेली. शिंपीकाकांनी तिखटमीठ लावायला उशीर केला नाही. आठवड्याच्या आत चौथऱ्यावर रांग लागू लागली. एवढी गर्दी शिखरांसाठी कधीच झाली नव्हती.

"काहीतरी शिजतंय."

"आणि ह्या आमच्या पोरांना शिस्त शिकवणार!"

मित्रांनो, मी त्यांना खोटं काहीच दाखवलं नव्हतं. तरी त्यातून हे काय निघालं? खडकामागे काय आहे, हे जाणून घ्यायची उत्सुकता मलाही होती. पण खडकातून पलीकडे बघणारी काच अजून कुणी घासलेली नाही.

अखेर पालकांची बैठक ठरली, शनिवारी सकाळी. बाईंना शाळा सोडायला सांगायचं, असं जवळजवळ नक्की झालं. तेवीस वर्षं ज्या बाईंनी गावाला बाराखडी शिकवली, त्यांना!

शुक्रवारी शिंपीकाकांची आत्या काठी टेकत चौथऱ्यावर आली. वय ऐंशीच्या पुढे. जीभ मात्र कात्रीसारखी.

"काय बघतोस रे रोज?"

"आत्या, खाणीमागे ते दोघं..."

"खाणीमागे काय करतात?"

"ते दिसत नाही ना!"

"मग बघतोस काय, खडक? आणि दिसत नाही तर उद्या बैठकीत सांगणार काय?"

शिंपीकाका गळ्यातली मापाची टेप उगाच गुंडाळू लागले.

"पाय आहेत ना तुला? जाऊन बघ की."

"असं कसं जायचं? बरं दिसतं का ते?"

"इथून चोरून बघितलेलं बरं दिसतं वाटतं! बस तू. मी जाते."

आणि ती निघाली. शिंपीकाकांनी माझ्यातून तिला बघायला सुरुवात केली. त्यांचा श्वास माझ्या काचेवर येत होता. आत्या चार पावलं टाकायची, थांबायची, पुन्हा चालायची. शेवटी तीही खडकामागे गेली.

बराच वेळ काहीच हललं नाही.

मग खडकामागून धुळीचा लोट उठला आणि त्यातून एक जीप बाहेर आली! खाणीत कित्येक वर्षं गंजत पडलेली, सगळं गाव जिला भंगार म्हणायचं, तीच जीप. चालवत होत्या हेडबाई. दात आवळलेले, डोळे मोठे झालेले. शेजारच्या सीटवर आत्या, एका हाताने दार आणि दुसऱ्या हाताने काठी गच्च धरलेली. मागे मेकॅनिक उभा राहून ओरडत असावा, कारण त्याचं तोंड सारखं उघडत होतं.

शिंपीकाका माझ्यापासून मागे सरकले. "अरे देवा," एवढंच म्हणाले.

जीप आचके देत थेट चौथऱ्याशी येऊन बंद पडली. आत्या उतरली.

"वरच्या वस्तीची बस बंद झाली," ती म्हणाली, "सात पोरांची शाळा सुटली. कुणाच्या लक्षात तरी आलं का? ह्या बाईच्या आलं. ह्याने जीप दुरुस्त केली, ही ती चालवायला शिकतेय. दोनदा पडली उतरताना. बघ, अजून काय बघायचंय तुला?"

"पण बाई, सांगायचं तरी!" शिंपीकाका पुटपुटले.

बाई धूळ झटकत म्हणाल्या, "ह्या वयात गाडी शिकतेय म्हटलं असतं, तर सगळं गाव खाणीच्या काठावर खुर्च्या टाकून बसलं असतं. तुम्हीच पहिल्या रांगेत."

शनिवारची बैठक झाली. शिंपीकाकांनी सगळ्यांसमोर उभं राहून माफी मागितली. पण ओशाळलेल्या लोकांना राग काढायला कुणीतरी लागतंच. तो निघाला माझ्यावर. माझ्या डोळ्यावर पत्र्याचं झाकण बसवून तारेने आवळून टाकलं. दोन वर्षं मी आंधळी होते. पाऊस आत झिरपला, मान गंजली. फक्त आवाज ऐकत राहिले. रोज सकाळी जीप यायची, पोरं उड्या मारत उतरायची. ती दिसतात कशी, हे मला माहीतच नव्हतं.

एक दिवस पक्कड घेऊन बाई स्वतः आल्या. "बिचाऱ्या दुर्बिणीचा काय दोष?" म्हणत त्यांनी तार तोडली, मऊ फडक्याने माझी काच पुसली आणि माझी मान वरच्या वस्तीकडे वळवली. एका लहान मुलीने टाचा उंचावून डोळा लावला.

"बाई, आमचं घर! आई अंगणात आहे. पांढरी चादर वाळत घालतेय."

"नक्की?"

"हो, मला दिसतंय ना!"

"संध्याकाळी घरी गेलीस की आईलाच विचार."

दुसऱ्या दिवशी ती मुलगी धावतच आली. धाप लागली होती तिला. "बाई, आई वाळत नव्हती घालत! जीप इथे थांबलेली तिला वरून दिसते. आम्ही पोचलो की ती आमच्यासाठी चादर हलवते. रोज! आणि आम्ही कधी वर बघितलंच नाही."

मित्रांनो, माझी काच अधूनमधून पुसत जा, सांध्याला थेंबभर तेल घाला आणि खुशाल बघा; बघायला माझी कधीच ना नाही. फक्त कुणाचं अर्धंच दिसलं, तर उरलेलं मनाने भरू नका. चार पावलं चालून जा आणि विचारा.

आता रोज सकाळी जीपमधून उतरलं की सातही पोरं आधी चौथऱ्यावर येतात आणि वर बघत दोन्ही हात हलवतात.