शाळेच्या फाटकापाशी थांबलेली गाडी

मित्रांनो, मी टास्मानियातली एक जुनी, लांबट मोटारगाडी आहे. माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. तिथून जहाजाने आले आणि ह्युऑन नदीकाठच्या ॲल्बी नावाच्या बागायतदारांनी मला घरी नेले. ते मला स्वतः धूत आणि शेजाऱ्यांना सांगत, "सफरचंदांचा डोंगर लादा हिच्यावर, कुरकुरणार नाही." ते ऐकून माझी छाती फुगत असे.

पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले. त्यांनी मला आपल्या मुलीला, मेरिनला, देऊन टाकले. मेरिन घरीच होड्यांची शिडे शिवायची. मग सफरचंदांच्या पेट्यांच्या जागी कापडाचे गठ्ठे आले आणि मागच्या सीटवर तिची मुलगी ओर्ला आली. नदीत किती मासे असतील, बदकाला थंडी वाजते का, असे तिचे प्रश्न संपतच नसत.

तिसरीत गेल्यावर काय झाले कोण जाणे. पूल ओलांडला की ती गप्प होई. शाळेचे फाटक दिसले की दोन्ही हातांनी सीटचा पट्टा धरी आणि पोट दुखते म्हणे.

"कुणी मारलं का तुला?" मेरिन विचारी.

"नाही."

"चिडवलं?"

"नाही. मला माहीत नाही गं आई. तिथं मला श्वासच घेता येत नाही."

मागच्या गाड्या भोंगे वाजवत. एकदा एक बाई खिडकीशी येऊन म्हणाल्या, "सोडा आणि निघा तुम्ही. पाच मिनिटं रडतात, मग खेळायला लागतात." पण ओर्ला खेळत नव्हती. डबा तसाच परत येई.

ॲल्बी आजोबांनाही ओर्लाचे हे वागणे पटत नसे. "लाडावून ठेवलीस. आम्ही काय हौसेनं जायचो शाळेत?"

"बाबा, ती नको म्हणत नाही. तिला जमत नाहीये."

हिवाळ्यातल्या एका सकाळी नदीवर दाट धुके होते. फाटकापाशी शाळेतल्या दोन मोठ्या माणसांनी ओर्लाची बोटे एकेक करून पट्ट्यावरून सोडवली आणि तिला आत नेले. मेरिन जवळच्या होडीच्या कारखान्यात शीड द्यायला गेली. मी फाटकाबाहेरच उभी होते. थोड्या वेळाने माझे मागचे दार हळूच उघडले. ओर्ला आत शिरली, तिने दार ओढून घेतले आणि ती कापडाच्या गठ्ठ्यांवर टाकलेल्या ताडपत्रीखाली गेली.

मग मेरिनला शाळेतून फोन आला. ओर्ला वर्गात नाही. मेरिन माझ्याकडे न बघताच शाळेकडे धावली. लोक जमले. कुणी बागांकडे गेले, कुणी नदीकडे. धुक्यातून हाका येत होत्या, आणि त्यात मेरिनचा आवाज फाटत चालला होता. मित्रांनो, मला सारे ठाऊक होते. ओर्ला माझ्या पोटात होती. पण मी गाडी. मला वाचा नाही. तेवढे असहाय मला कधीच वाटले नव्हते.

बातमी ऐकून आलेले आजोबा ताडपत्रीखालचा दोर घ्यायला माझ्यापाशी आले. नदीत शोधायचे, म्हणून दोर. त्यांनी ताडपत्री उचलली आणि ते तिथेच खाली बसले.

मग म्हणाले, "थंडी वाजतेय का?"

"मला परत नेणार?"

आजोबांनी आपला कोट काढून तिच्यावर घातला. "नाही. आधी आईला हाक मारू दे. ती तुला पाण्यात शोधतेय."

त्यानंतर डॉक्टरांना दाखवून झाले, शाळेतल्या बाईंशी बोलणे झाले आणि मेरिनने ओर्लाला घरीच शिकवायचे ठरवले. त्यासाठी सरकारी परवानगी लागणार होती.

"एकटी पडेल गं ती," आजोबा म्हणाले. "आणि तुला तरी अपूर्णांक कुठे येतात?"

"शिकेन तिच्याबरोबर."

पहिले काही आठवडे ओर्ला नुसती झोपायची. मेरिन एकटीच माझ्यात येऊन बसे आणि पुटपुटे, "मी हिचं नुकसान तर करत नाहीये ना?" मग हळूहळू ओर्ला शिवणाच्या टेबलाशी येऊ लागली. कापड मोजता मोजता अपूर्णांक दोघींनाही येऊ लागले.

परवानगीआधीच्या तपासणीसाठी सरकारकडून फेनेला नावाच्या बाई आल्या, तेव्हा ओर्ला पळत येऊन माझ्यात बसली आणि तिने आतून दारांचे खटके लावले. आता परवानगी नाकारतील, हेच मेरिनला आणि मलाही वाटले. फेनेला बाहेर आल्या. त्यांनी दाराला हात लावला नाही. थोड्या अंतरावर गवतात बसल्या आणि म्हणाल्या, "मागं ते छोटं शीड दिसतंय. तिरकं का कापलंय?"

कितीतरी वेळ काहीच झाले नाही. मग काच बोटभर खाली आली.

"तिरकं नाही ते. वारा भरला की सरळ होतं."

"असं होय? मला नाही कळलं. नीट सांग बघू."

काच आणखी खाली आली.

परवानगी मिळाली, पण एका वर्षाचीच. पुढच्या वर्षी काय, ही धास्ती घरात आहेच. घरी शिकणारी इतर मुले आठवड्यातून एकदा नदीच्या धक्क्यावर जमतात. आम्ही जातो. कधी ओर्ला उतरते, कधी नुसती काचेतून बघते आणि आम्ही परत येतो.

मित्रांनो, तुमच्या वर्गात एखादे बाक वारंवार रिकामे राहत असेल, तर "नाटकं करते" असे म्हणू नका. बंद दार बाहेरून ओढले की आतला हात आणखी घट्ट होतो, हे मी सोसले आहे. जवळपास बसा. तुम्हाला खरेच जाणून घ्यायचे असेल असे काहीतरी विचारा. उत्तराला उशीर लागला तर लागू द्या.

आज सकाळी आजोबांनी आम्हाला धक्क्यावर आणले आणि ओर्लाने स्वतः दार उघडले. एक पाय खाली ठेवून विचारले, "आजोबा, तुम्ही जाणार नाही ना?"

"नाही गं."

ती चार पावले गेली आणि वळून पाहू लागली. आजोबांनी माझे इंजिन बंद केले.