भागीरथाची लाल पट्टी

मित्रांनो, माझ्या अंगावर चोवीस खिसे आहेत, पण त्यांत कुणी कधी रुमाल ठेवला नाही की किल्ली. माझ्या खिशांत शब्द राहतात. मी नागपुरातला एक कापडी फलक आहे, आता बराच जुना झालेला.

माझा जन्म गोळीबार चौकामागच्या गल्लीत झाला. रुपराव आणि भागीरथाबाई हे विणकर जोडपं तिथे राहतं. त्यांच्या मागावर करवती काठाची लुगडी विणली जातात. त्या काठाला करवतीसारखे बारीक दाते असतात. रुपराव मधलं अंग विणतात आणि भागीरथाबाई बाजूला बसून काठाच्या सुताचा धोटा इकडून तिकडे फेकतात. दोघांपैकी एक उठला की माग थांबतो.

एकदा कापडाच्या एका तुकड्यावर दाते चुकले. तो तुकडा कुणी घेईना. त्याच आठवड्यात त्यांची मुलगी मिनल शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाली होती. भागीरथाबाईंनी तो तुकडा दुहेरी केला, साड्यांच्या पारदर्शक पिशव्या कापून त्यावर खिसे शिवले, आणि मी तयार झालो. माझ्या कडेचे चुकलेले दाते अजून दिसतात. मला त्यांची लाज वाटत नाही. ते सरळ असते, तर मी कुणाचं तरी लुगडं झालो असतो आणि इंग्रजी शिकायचा राहिलो असतो.

मिनलबाई हळू बोलत, पण पट्टी कापताना मिलिमीटरचाही फरक चालू देत नसत. लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून त्यांनी वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या नावाची पट्टी केली, लाल शाईत. ‘ही’, ‘शी’, ‘इट’, ‘दे’ हे इंग्रजी शब्द निळ्या शाईत लिहिले. आणि प्रत्येक लाल पट्टीच्या पाठीवर निळ्या शाईत ‘आय’ लिहिलं, म्हणजे मी. स्वतःबद्दल बोलायचं असेल, तर आपली पट्टी उलटायची. दुसऱ्याची पट्टी उलटायची कुणालाही परवानगी नव्हती.

‘धम्मानंद हॅज अ गोट. ही फीड्स इट.’ असं वाक्य माझ्या खिशांत बसलं की मी खूश होई. नाव जड असतं. ते एकदा ठेवलं की पुढचं ओझं तो चिमुकला निळा शब्द एकटा वाहून नेतो. कधी एखादं पोर घाईघाईत सुरुवातीलाच ‘शी’ची पट्टी लावी. मग बाई नुसत्या वळून बघत. सगळा वर्ग ओरडे, “कोण वं? नाव सांग ना पहिले!”

काजल नावाची एक मुलगी मात्र नेहमी स्वतःला आधी बसवी. ‘आय अँड धम्मानंद.’

“काहून बाई? आपण मराठीत तर मी अन् धम्मानंदच म्हणतो.”

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “पण इंग्रजीत दुसऱ्याला आधी बसायला जागा देतात. मग आपण बसायचं.”

काजलनं जरा विचार केला आणि दोन्ही पट्ट्यांची अदलाबदल केली. “चाल बे धम्म्या, बस पहिले. पाहुणा हायेस तू.”

तपासणीला आलेले साहेब माझ्यासमोर अर्धा तास उभे राहिले होते. “हे कुठे विकत मिळतं?” त्यांनी विचारलं. “मिळत नाही, सर. आईनं शिवलं,” मिनलबाई म्हणाल्या. साहेबांनी वहीत लिहिलं, ‘शिक्षिकेच्या आईने शिवलेला फलक. उत्तम.’ आईचं नाव त्यांनी विचारलं नाही.

सात वर्षांनी वर्गात मोठा पडदा आला. तो गातो, रंग बदलतो. मला गुंडाळून कपाटावर ठेवलं. तीन वर्षं मी तिथेच होतो. माझ्या घडीत पालीनं अंडी घातली. शेवटी रद्दीच्या दिवशी मिनलबाईंनी मला ओळखलं, झटकलं आणि घरी नेलं. भागीरथाबाईंनी माझ्या शिलाईवरून बोट फिरवलं. “टाका अजून पक्का हाये,” एवढंच म्हणाल्या. मला मागाजवळच्या भिंतीवर जागा मिळाली.

त्याच महिन्यात हातमाग प्रदर्शनाचं बोलावणं आलं. तिथे माग लावून लोकांसमोर विणून दाखवायचं होतं. बाहेरदेशचे पाहुणे येणार होते, म्हणून दोन वाक्यं इंग्रजीत बोला, असं आयोजकांनी कळवलं होतं. सोबत छापील पाटीही पाठवली होती. ‘विणकर: रुपराव.’

मिनलबाईंनी पाटी वाचली. मग एक नवी पट्टी कापली, तिच्यावर लाल शाईत ‘भागीरथा’ आणि पाठीवर निळ्या शाईत ‘आय’ लिहिलं आणि माझ्या पहिल्या खिशात ठेवली. शेजारी लावलं, ‘अँड आय वीव्ह धिस.’ म्हणजे भागीरथा आणि मी हे विणतो.

“बाबा, हे म्हणा.”

रुपराव गडबडले. पस्तीस वर्षांत त्यांनी बायकोला नावानं हाक मारली नव्हती. ‘अवं’ म्हटलं की काम भागत होतं. “लोक हासतील मले. म्हातारपणी बायकोचं नाव घेऊन राहिला म्हणतील.”

“मग लुगडं एकट्यानंच विणलं म्हणायचं का?”

“तसं कोण म्हणते? पण नाव काहून पाहिजे?”

“जाऊ दे वं, मिनल,” धोट्याच्या कांडीवर सूत भरता भरता भागीरथाबाई म्हणाल्या. “नावानं का लुगडं विणल्या जाते?”

दुसऱ्या दिवशी पहिला खिसा रिकामा होता. भागीरथाबाईंनी झाडताना मागाखाली वाकून पाहिलं, माझ्यामागे पाहिलं. नंतर एकदा पुन्हा पाहिलं. विचारलं मात्र कुणालाच नाही. मला तोंड असतं, तर मी सांगितलं असतं.

प्रदर्शनात मला मागाच्या मागे टांगलं, रुपरावांना वाक्य वाचता यावं म्हणून. दुपारी एक परदेशी बाई आल्या. काठाकडे बराच वेळ बघत राहिल्या. “हू मेड धिस?”

रुपरावांनी घसा साफ केला. “शी अँड आय.”

बाई हसल्या. “हू इज शी?”

माझ्या डोळ्यांसमोर तो वर्ग उभा राहिला. कोण वं? नाव सांग ना पहिले! भागीरथाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण प्रश्न आपल्याबद्दल आहे हे त्यांना कळलं. त्यांनी धोटा मांडीवर ठेवला आणि मान खाली घातली.

रुपरावांनी सदऱ्याच्या वरच्या खिशात हात घातला. तिथून ती लाल पट्टी निघाली. घामानं तिच्या कडा मऊ झाल्या होत्या. त्यांनी ती माझ्या पहिल्या खिशात बसवली, दोनदा सरळ केली, आणि जरा मोठ्यानंच वाचलं, “भागीरथा अँड आय वीव्ह धिस.”

कुणीही हसलं नाही. परदेशी बाईंनी भागीरथाबाईंकडे वळून ते नाव जमेल तसं उच्चारलं आणि हात जोडले.

“तुमच्यापाशी होती व्हय?” बाई गेल्यावर भागीरथाबाईंनी विचारलं.

“म्हणायची सवय करून राहिलो होतो,” रुपराव धोट्याकडे पाहत म्हणाले. “मिनल, त्या पाटीवर बी लिही हिचं.”

मग भागीरथाबाई उठल्या. त्यांनी लेकीला रुपरावांच्या नावाची पट्टी करायला लावली. पहिल्या खिशातली स्वतःची पट्टी काढून तिथे ती ठेवली. स्वतःची पट्टी, लेकीच्या वर्गातल्यासारखी, उलटून ‘अँड’च्या पुढे लावली. पुढच्या पाहुण्याची वाटही न पाहता, एकेका शब्दावर बोट ठेवत त्या म्हणाल्या, “रुपराव अँड आय.”

रुपरावांच्या हातातला धोटा तसाच राहिला. पस्तीस वर्षांत त्यांनीही आपलं नाव त्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मित्रांनो, मला जपाल तर उत्तमच. ओलं गुंडाळू नका, पालीपासून सांभाळा. पण त्याआधी घरात एकदा बघा, कुणाची पट्टी अजून कापायची राहिली आहे. चोवीस खिसे आहेत माझे. त्यातले बरेच रिकामे आहेत.